फायरमाउथच्या जोडीसोबत कोण राहील?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. ४ फूट लांब, दीड फूट रुंद टाकी, साधारण २२५ लिटर पाणी. त्यात फायरमाउथची जोडी (हा सिक्लिड कुळातला मासा), सहा कोरीडोरास म्हणजे कोरी (तळात फिरणारे छोटे मासे) आणि एक एंजल. आतापर्यंत सगळं सुरळीत होतं. आता जोडीने डाव्या कोपऱ्यातल्या सपाट दगडाचा ताबा घेतला आहे, दोन कोरी मेले आहेत आणि एंजल दिवसभर हीटरमागे उभा असतो. फायरमाउथला जरब बसेल असे मासे आणा, म्हणजे कन्व्हिक्टची (हाही सिक्लिडच) जोडी किंवा रेड टेल शार्क (नावाला शार्क, प्रत्यक्षात कार्प कुळातला छोटा मासा), असं दुकानदाराने सुचवलंय. तर यातलं काय आणू, असं तुम्ही विचारताय.

दोन्ही आणू नका. उरलेले चार कोरी आणि एंजल आजच दुसऱ्या टाकीत हलवा. दुसरी टाकी नसेल तर स्वच्छ प्लास्टिकचा मोठा टब, स्पंज फिल्टर आणि हीटर एवढ्यावर काही दिवस निभावतं. फिल्टरचा स्पंज चालू टाकीतल्या फिल्टरमधला घ्या, म्हणजे पाणी साफ ठेवणारे जिवाणू त्यात आधीपासून असतील आणि माशांच्या उत्सर्गातला विषारी अमोनिया चढणार नाही. एंजलला उद्यापर्यंत थांबवू नका. हीटरमागे उभा राहणारा मासा विश्रांती घेत नसतो. त्याला टाकीत दुसरीकडे कुठे उभं राहायची मुभाच उरलेली नसते. असे मासे आधी खाणं सोडतात, मग पर अंगाला चिकटवून घेतात, रंग उतरतो, आणि एके सकाळी अंगावर फारशी जखम नसतानाही मेलेले सापडतात.

आता जोडीचं काय चाललंय ते बघू, कारण सोबती निवडण्याचं सगळं गणित त्यावरच बसतं. नीट पाहिलंत तर दोघं आलटून पालटून दगडावर तोंड घासताना दिसतील. शेवाळ, कचरा, काहीही राहू द्यायचं नाही असा तो चिकाटीचा कार्यक्रम असतो. दोघांच्या पोटाखाली छोटी नळी बाहेर आलेली दिसेल. नराची निमुळती असते, मादीची जाड आणि बोथट. त्याच सुमारास वाळूत आसपास दोन-तीन खड्डे पडतात. अंडी घातली की दोन-तीन दिवसांत फुटतात. मग आईबाप वळवळणारी पिल्लं तोंडात धरून एका खड्ड्यातून दुसऱ्यात हलवत राहतात, आणि अंडी घातल्यापासून साधारण आठवड्याभरात पिल्लं पोहायला लागतात. मादी सहसा पिल्लांना चिकटून असते, नर बाहेरच्या कडेने गस्त घालतो. पिल्लं पोहायला लागली की हद्द एका जागी राहत नाही, पिल्लांचा थवा जिथे जाईल तिथे ती जाते. म्हणजे आज तुम्हाला जे दिसतंय ती सुरुवात आहे. खरा जोर अजून यायचा आहे.

सोबती निवडताना आपण मासा भांडखोर आहे की शांत एवढंच विचारतो. या प्रश्नाच्या उत्तरावर टाकी उभी करता येत नाही. तोच फायरमाउथ इतके दिवस कोरींसोबत गुण्यागोविंदाने राहिला आणि आता त्यांना मारतोय. मासा बदललेला नाही, राखायची गोष्ट आली आहे. म्हणून हद्द राखणाऱ्या कोणत्याही माशाबद्दल दोन गोष्टी विचारा. तो काय राखतोय? आणि ते कोण हिरावून घेईल असं त्याला वाटतं? ज्याला ती गोष्ट नको आहे, आणि नको आहे हे त्याच्या वागण्यातून दिसतं, तो सोबती चालतो. बाकीच्यांचा स्वभाव कितीही गरीब असला तरी उपयोग नाही.

मासे राखतात त्या गोष्टी वेगवेगळ्या. मध्य अमेरिकेतले सिक्लिड, म्हणजे तुमचा फायरमाउथ, कन्व्हिक्ट, जॅक डेम्प्सी, हे प्रामुख्याने अंडी-पिल्लं राखतात. त्यांचं उग्र रूप येतं आणि जातं, पण असतं तेव्हा पल्ला मोठा असतो. रेड टेल शार्क एक कपार आणि तिच्या भोवतीचा तळ राखतो, तोही बारा महिने. आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातल्या एम्बुनांचे (खडकांत राहणाऱ्या सिक्लिडांचे) नर खडकातली जागा आणि तिथे येणाऱ्या माद्या राखतात. फायटरचा नर आपला पृष्ठभागाचा तुकडा आणि बुडबुड्यांचं घरटं राखतो. ऑस्करला हद्द असतेच, पण त्याच्याबाबत आधी तोंडाचं माप बघायचं. तो ३० सेंटीमीटरच्या पुढे जातो आणि तोंडात मावेल ते गिळतो. निऑन टेट्रा त्याच्या टाकीत सोबती नसतात, खाद्य असतात.

दुसरा प्रश्न, शत्रू कोण, याचं उत्तर माशाच्या डोळ्यांनी द्यावं लागतं. निको टिनबर्गन यांनी काटेरी स्टिकलबॅक माशावर केलेले प्रयोग यासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहेत. विणीच्या काळात या माशाच्या नराचं पोट लाल होतं आणि तो दुसऱ्या लाल पोटाच्या नरावर तुटून पडतो. टिनबर्गननी त्याच्यापुढे हुबेहूब माशाचा आकार पण लाल रंग नसलेला पुतळा धरला, आणि ओबडधोबड पण खालून लाल रंगवलेले तुकडे धरले. हल्ले जास्त झाले ते ओबडधोबड तुकड्यांवर. प्राण्यांच्या वर्तनावरच्या अशा कामासाठी १९७३ साली त्यांना कॉनरॅड लॉरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासोबत नोबेल मिळालं. टाकीसाठी यातून घ्यायचं ते हे: मासा समोरच्याची जात तपासत बसत नाही, एखादी खूण पकडतो. आपल्यासारखा रंग, आपल्यासारखा आकार, आपल्याच थरात, आपल्याच वाटेने येणारा, तो प्रतिस्पर्धी. फायटरच्या टाकीत लांब परांचा रंगीत गप्पी नर मार खातो तो याचमुळे. रेड टेल शार्क आपल्याच जातीच्या दुसऱ्या माशाला आणि रेनबो शार्कला सारखाच झोडपतो, कारण बांधा आणि राहणी दोन्ही जवळजवळ तीच.

आता तुमच्या टाकीत कोण, ते सांगतो. फायरमाउथ तळ राखतो. त्याला सोबती हवेत ते वरच्या आणि मधल्या थरात फिरणारे, चपळ, लांबट अंगाचे, त्याच्या तोंडात न मावणारे आणि त्याच्या पाण्यात राहणारे. माझी पहिली पसंती स्वोर्डटेलला. तेही मध्य अमेरिकेतलेच, किंचित कठीण, ७ ते ८ पीएचचं, २४-२६ अंशांचं पाणी दोघांनाही मानवतं. एक नर आणि चार-पाच माद्या घ्या. दोन नर घेतले तर त्यांची आपसातली हाणामारी वेगळी सांभाळावी लागते. पूर्ण वाढलेले घ्या, पिल्लं नकोत. गर्द लाल वाणापेक्षा हिरवट, मूळ रंगाच्या जवळचे मिळाले तर ते घ्या, फायरमाउथच्या गळ्याचा लाल रंग लक्षात घेता मी तेवढी काळजी घेतोच. दुसरा पर्याय जायंट डॅनिओचा, आठ-दहांचा थवा. दोघांपैकी एकच निवडा, आणि टाकीला झाकण हवंच, दोन्ही मासे उडी मारण्यात पटाईत आहेत.

या माशांचा फायदा फक्त ते वाचतात एवढाच नाही. वर मोकळेपणाने फिरणारा थवा दिसला की तळातल्या सिक्लिडला आजूबाजूला धोका नसल्याची खात्री पटते, तो लपून बसत नाही आणि त्याचे रंग खुलतात. आणि दुसरी, माझ्या मते जास्त मोलाची गोष्ट: जोडीने अंडी राखणाऱ्या नराला बाहेर कुणीतरी हुसकावायला लागतं. टाकीत दुसरं कुणीच नसेल तर तो जोर मादीवर निघतो. वरचा थवा अधूनमधून हद्दीवरून जातो, नर दोन फटके मारल्यासारखं करतो, थवा पाण्यात वर सरकतो, नर परत जातो. कुणाला लागत नाही आणि जोडी टिकते. म्हणून कोरी आणि एंजल काढल्यावर टाकी कायमची जोडीपुरती रिकामी ठेवून देऊ नका.

कोरी का मेले, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण कोरी शांत असतात म्हणून कुणाहीसोबत चालतात हा समज फार पसरला आहे. सिक्लिडची धमकी ही एक भाषा आहे. तो आडवा उभा राहतो, पर ताणतो, शेपटीने पाणी ढकलतो, फायरमाउथ कल्ल्यांची झाकणं फुलवून लाल गळा दाखवतो. दुसऱ्या सिक्लिडला हे कळतं, स्वोर्डटेल अंतर ठेवून निघून जातो. कोरीला यातलं काही कळत नाही. तो मिशांनी वाळू हुंगत खाणं शोधत चालतो, मार खाल्ला की दोन फूट पळतो आणि मिनिटभरात त्याच वाटेने परत येतो. आईबापाच्या नजरेने हा निर्ढावलेला अंडीचोर ठरतो. अंधार पडल्यावर तर कोरी जास्तच फिरतात. त्यांच्या अंगावर हाडांची तकटं असतात, पण डोळे आणि पर उघडे असतात आणि टोचा तिथेच बसतात. कोरी दुसऱ्या टाकीत सहाच्या वर संख्येने ठेवा, छान राहतील. तळासाठी कुणी हवंच असेल तर एक ब्रिसलनोज सकर चालेल. तो १२-१५ सेंटीमीटरच्या आत राहतो, काचेला आणि लाकडाला धरून बसतो, मार बसला तर बिळात घुसून तोंड आत आणि काटेरी पाठ बाहेर करून घट्ट राहतो. त्याचं बीळ जोडीच्या दगडापासून दुसऱ्या टोकाला हवं. साधा सकर मात्र नको. लहानपणी सारखाच दिसतो, पण ४० सेंटीमीटरच्या पुढे वाढतो.

कन्व्हिक्टने जरब बसेल हा सल्ला उलटा पडेल. फायरमाउथचं हत्यार मुख्यतः देखावा आहे. फुललेली झाकणं, त्यांवरचे डोळ्यांसारखे काळे ठिपके, लाल गळा, यामुळे तो समोरून आहे त्याच्या दुप्पट दिसतो. कन्व्हिक्ट आकाराने लहान, पण या देखाव्याला बधत नाही, सरळ चावतो. शिवाय त्यालाही तोच तळ, तेच सपाट दगड, तीच पिल्लं राखायची असतात. दोन जोड्यांना ४ फुटांत दोन हद्दी आखता येणं कठीण. एक जोडी जिंकते, हरलेली कोपऱ्यात अडकते, आणि निसर्गात जी जोडी पळून दुसरीकडे गेली असती तिला इथे पळायला जागाच नसते. हद्दीच्या भांडणात टाकीतले मासे मरतात ते बरेचदा याच कारणाने. रेड टेल शार्कचीही अडचण तळाचीच. दुकानात तो ५ सेंटीमीटरचा असतो, कळपाने एकत्र दिसतो आणि बिचारा वाटतो. मोठा झाला की एकटा राहायचं हा त्याचा स्वभाव आहे आणि तळातल्या प्रत्येकाला तो पिटाळतो. तुमच्या जोडीने पिल्लं काढली की दोघांचा रोज सामना होईल. (थायलंडमधल्या मूळ नद्यांत हा मासा जवळजवळ संपला आहे, दुकानातले मत्स्यशेतीत वाढवलेले असतात. त्याला नीट जागा देता येत असेल तरच घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.) एंजलबद्दल वेगळं सांगायला नको: तोही सिक्लिड, चपटा उंच बांधा, लांब पर, संथ चाल. मार चुकवणं त्याला जमतच नाही.

टाकीची मांडणी कशी बदलायची ते आताच ठरवा, नवे मासे येण्याआधी. लिटर किती याला फारसा अर्थ नाही, तळाचं क्षेत्रफळ आणि नजरेची आडकाठी महत्त्वाची. उंच पण आखूड टाकीत पाणी भरपूर दिसतं आणि हद्द एकच मावते. तुमच्या ४ फुटांपैकी अर्धा तळ ही जोडी पिल्लं असताना सहज घेईल, ते मान्य करूनच पुढे चला. डावा कोपरा त्यांना द्या, दगड हलवू नका. टाकीच्या साधारण मध्यावर एक ड्रिफ्टवुडचा ओंडका किंवा दगडांची रास अशी उभी करा की ती पाण्याच्या वरच्या पातळीच्या जवळपर्यंत पोचेल आणि नराला डावीकडून उजवा कोपरा थेट दिसणार नाही. दिसतो तोवर हुसकावतो, आड गेला की विसरतो, हे सिक्लिडच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरं आहे. उजवीकडे उंच झाडं किंवा तरंगती झाडं दाट ठेवा. दगड वाळूवर टेकवू नका. आधी दगड काचेवर बसवा, मग भोवती वाळू घाला. फायरमाउथ खालची वाळू उपसतो, आणि वाळूवर टेकलेली रास एका रात्रीत कोसळून काच फोडू शकते.

नवे मासे आणल्यावर तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. हा काळ कंटाळवाणा वाटतो, पण भेदरलेल्या माशावर रोग लवकर चढतो आणि भेदरणं या टाकीत होणारच आहे. सोडताना दिवे बंद करा, जोडीला आधी पोटभर खायला घाला, आणि सगळे एकदम सोडा. एक-एक करून सोडलं तर प्रत्येकाच्या वाट्याला नराचा सगळा जोर येतो. इथे एक नियम कायम लक्षात ठेवा: जो आधीपासून राहतो त्याची बाजू सहसा वरचढ असते. म्हणून नवी टाकी लावताना शांत मासे आधी आणि हद्द राखणारा सर्वांत शेवटी. तुमच्याकडे क्रम उलटा झालेला आहे, म्हणून मध्यावरची ती रास नवे मासे सोडायच्या दिवशीच उभी करा. टाकीचा चेहरा बदलला की मालकालाही हद्द नव्याने आखावी लागते, आणि त्या एक-दोन दिवसांत नव्यांना जागा मिळते.

मग बसून बघा. खायला घालायच्या आधी अर्धा तास, आणि दिवे गेल्यावर थोडा वेळ, मंद टॉर्च घेऊन. पाठलाग झाला म्हणून घाबरू नका, पाठलाग कुठे थांबतो ते बघा. नर एका ठरावीक रेषेपर्यंत येतो, वळतो आणि परत जातो, तर हद्द आखली गेली आहे आणि टाकी चालणार. रेषा ओलांडून तो पलीकडच्या काचेपर्यंत जात असेल, दुसऱ्याने माघार घेऊनही थांबत नसेल, तर टाकी चालणार नाही, आणखी दोन दिवस वाट बघून ती चालायला लागत नाही. फाटलेली शेपटी भरून येते. उडालेले खवले, पृष्ठभागाशी कोपऱ्यात तिरका उभा मासा, खाणं समोर येऊनही न हलणारा मासा, हे दिसलं की त्याच दिवशी काढा. कधीकधी मार खाणाऱ्याऐवजी मारणाऱ्याला चार-पाच दिवस बाहेर ठेवणं जास्त उपयोगी पडतं. परत येतो तेव्हा तोच नवखा असतो. पण पिल्लं असलेल्या जोडीतून नराला असं काढू नका. परतल्यावर मादी त्याला ओळखून घेईलच याची खात्री नसते आणि जोडी तुटते.

हद्दीची गोष्ट निघालीच आहे तर गर्दीच्या उपायाबद्दल सांगतो, कारण तो चुकीच्या ठिकाणी वापरला जातो. एम्बुनांच्या टाकीत मुद्दाम दाटी करतात. तुमच्याएवढ्या टाकीत पंधरा-वीस मासे, एका नरामागे तीन-चार माद्या, खूप कपारी, दणकट फिल्टर आणि नियमित मोठे पाणीबदल. एकाच माशावर रोख राहत नाही, मार वाटला जातो. तिथे ही रीत चालते, कारण एम्बुनांची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, कुणी जमिनीवर पिल्लं राखत नाही. तुमची जोडी जमीन राखते. तिथे दाटी केली तर ती अर्धी टाकी रिकामी करेल आणि उरलेल्या अर्ध्यात सगळे मासे एकमेकांवर रचले जातील. पाण्यात अमोनिया वाढेल तो वेगळाच. दाटीचा हा उपाय फ्लॉवरहॉर्नलाही चालत नाही. तो माणसाने संकरातून तयार केलेला मासा आहे, आणि त्याच्यासाठी सोबती शोधण्याची खटपट मी कुणालाच सुचवत नाही. तो एकटा, मोठ्या टाकीत, माणसांकडे बघत मजेत राहतो.

फायटरवाले विचारतात म्हणून एवढंच: एक नर, सोबत गोगलगायी किंवा लहान तळातले मासे, आणि टायगर बार्ब, सर्पे टेट्रा यांच्यासारखे पर कुरतडणारे अजिबात नाहीत. तिथे त्रास फायटर देत नाही, फायटरला होतो.

जोडी वर्षातून अनेकदा अंडी घालेल, आणि प्रत्येक वेळी हा खेळ पुन्हा होईल. थव्याने दोन-तीन खेपा व्यवस्थित काढल्या, कुणाच्या शेपट्या फाटल्या नाहीत, तर मांडणी जमली असं समजा आणि आणखी मासे घालायचा मोह टाळा. नाही जमलं, तर जोडीला वेगळी टाकी द्या, तीन फुटांची पुरते. त्यात थवा मावणार नाही, म्हणजे नराचा जोर मादीवर निघण्याची भीती राहते. त्यासाठी मध्ये भोकं पाडलेली जाळी बसवा. नर अंगाने मोठा असतो, त्यामुळे भोक असं ठेवा की मादी आरपार जाईल आणि नर जाणार नाही. अंड्यांचा दगड नराच्या बाजूला जाळीला लागून ठेवा, मादी अंडी राखायला येईल आणि जड गेलं तर पलीकडे निघून जाईल. मादी पुन्हा अंगाने भरली, नर शांत झाला की जाळी काढून बघता येते, पण पहिल्या दिवशी घरात असाल तेव्हाच काढा.